पायाखालची जमीन : खानदेशातील व्यायामाची परंपरा आणि अनवाणी पाय

घरात किंवा घराच्या आवारात व्यायाम करताना पायांत काही घालावे की पाय मोकळे ठेवावेत, हा प्रश्न आज वैद्यकीय सल्ल्याचा किंवा पादत्राणांच्या खरेदीचा मानला जातो. परंतु महाराष्ट्रात त्याला मोठा इतिहास आहे आणि खानदेशात तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो. खानदेश म्हणजे तापी, गिरणा, पांझरा आणि बोरी या नद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश. १९०६ मध्ये या एकाच मोठ्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेश हा आजचा जळगाव जिल्हा, तर पश्चिम खानदेशातून धुळे आणि १९९८ नंतर त्यापासून वेगळा झालेला नंदुरबार असे जिल्हे निर्माण झाले. या प्रदेशात व्यायाम अनवाणी पायांनी करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे कारण कोणी दारिद्र्यात शोधते, तर कोणी धर्मात. दोन्ही कारणांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. व्यायामाचे स्वरूप आणि पायाखालची जमीन यांचा संबंध ध्यानात घेतला, तरच ही रीत का टिकली, कोठे मोडली आणि घरात ती अजून का चालू आहे, याचा उलगडा होतो.

सारवलेली जमीन आणि उंबरठा

खानदेशातील जुने घर बहुधा धाब्याचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छप्पर असलेले असे. त्याच्या भिंती मातीच्या आणि जमीन चोपून घट्ट केलेली व शेणाने सारवलेली असे. ही जमीन घरातील बायका ठरावीक दिवसांनी हाताने सारवीत; तिच्यावर जेवणाची पाने मांडली जात, धान्य पाखडले जाई, लेकरे रांगत आणि रात्री अंथरुणे पडत. अशा जमिनीवर बाहेरच्या वहाणा घेऊन येणे म्हणजे घरातील श्रमाचा आणि स्वच्छतेचा एकदमच अवमान होता. त्यामुळे वहाणा ओट्यावर किंवा उंबरठ्याबाहेर काढून ठेवण्याचा नियम कोणी वेगळा शिकवावा लागत नसे. मृत जनावराच्या कातड्यापासून केलेली वस्तू देवघराजवळ आणि चुलीजवळ नको, ही शुद्धाशुद्धतेची कल्पना या नियमाला बळकटी देत असे.

याचा अर्थ खानदेशी माणसाला पादत्राण माहीत नव्हते, असा मात्र नाही. काळ्या जमिनीतील कडक ढेकळे, बांधावरच्या बाभळीचे काटे आणि पारा ४५ अंशांच्या पलीकडे नेणारा वैशाखाचा उन्हाळा, यांतून वाट काढणाऱ्या शेतकऱ्याला जाड तळाच्या वहाणा लागतच. गावोगावचे चर्मकार कारागीर त्या घडवीत, शिवीत आणि दुरुस्त करीत. वहाण ही शेताची आणि वाटेची वस्तू होती, घराची नव्हती. आणि घरात किंवा देवळाच्या आवारात जो व्यायाम होई, तो आपोआपच अनवाणी होई.

या रीतीच्या एका दुखऱ्या बाजूकडे डोळेझाक करता येणार नाही. पायांत काही घालणे हा सर्वांचा सारखा अधिकार नव्हता. महाराष्ट्रातील अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या माणसांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, आणि ज्या हातांनी साऱ्या गावाचे पाय काट्यांपासून राखले, त्या हातांनाच गावाने दूर ठेवले. म्हणून अनवाणी पाय हे तालमीत नम्रतेचे चिन्ह असले, तरी रस्त्यावर ते कित्येकदा सक्तीचे चिन्ह होते. या परंपरेचा गौरव करताना हा भेद विसरणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल.

व्यायामाची जागा सारवलेली असावी, ही अपेक्षा केवळ लोकव्यवहारापुरती मर्यादित नव्हती. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिका’ या योगग्रंथात साधकाची कुटी लहान दाराची, खाचखळगे नसलेली आणि शेणाने नीट सारवलेली असावी, असे वर्णन येते. ग्रंथातील ही कुटी आणि खानदेशी घराची ओसरी यांत अंतर मोठे असले, तरी शरीर जेथे जमिनीला टेकणार ती जमीन आधी स्वच्छ केली पाहिजे, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

लाल मातीचा हौदा

घराबाहेर व्यायामाची मुख्य जागा म्हणजे तालीम. तालीम ही एक बंदिस्त, थोड्या अंधाऱ्या खोलीची वास्तू असून तिच्या मध्यभागी कुस्तीसाठी खणलेला मातीचा चौकोन असतो, त्याला हौदा किंवा आखाडा म्हणतात. हौद्यातील तांबडी माती चाळून बारीक केलेली असते आणि तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर यांसारखे पदार्थ मुरवतात. यामुळे माती मऊ राहते, अंगाला चिकटून घाम शोषते आणि खरचटलेल्या जागा चिघळू नयेत म्हणूनही या पदार्थांचा उपयोग मानला जातो. ती रोज खोऱ्याने खणून सारखी करावी लागते आणि ते कामही व्यायामाचाच भाग समजले जाते. एका कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते. येणारा पठ्ठा, म्हणजे शिकणारा मल्ल, दाराबाहेर वहाणा सोडतो, मारुतीला व मातीला नमस्कार करतो आणि वस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या गुरूच्या, आज्ञेने हौद्यात उतरतो. मुसलमान वस्ताद आणि मल्ल यांचाही या विद्येत मोठा वाटा असून मातीचा मान त्यांनीही तितक्याच निष्ठेने राखला. हौद्यात उतरणाऱ्यांत पायांच्या बाबतीत भेद राहत नसे. मात्र हौद्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग सर्वांना खुला नव्हता, कारण बऱ्याच तालमींची दारे दलित मुलांना दीर्घकाळ बंद होती.

मातीतील कुस्ती अनवाणी खेळण्यामागे देवभावाइतकेच शरीरशास्त्रही आहे. भुसभुशीत मातीत तळपाय किंचित रुततो आणि पायाची बोटे पसरून जमिनीला धरतात. या धरण्यावरच मल्लाचा तोल आणि पवित्रा अवलंबून असतो. ढाक किंवा टांग हे डाव मारताना एका पायावर सारे वजन घेऊन दुसरा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायात गुंतवावा लागतो, आणि त्या क्षणी जमिनीचा आणि समोरच्याच्या पोटरीचा अंदाज तळपायाच्या आणि नडगीच्या कातडीला घ्यावा लागतो. बुटाच्या तळाला अशी माती चिकटून तो जड होईल आणि टणक कडेने दुसऱ्याला इजा होईल, हे उघड आहे. जोर आणि बैठका हे तालमीतील दोन मूलभूत व्यायाम. पहिल्यात हात आणि पायांची बोटे यांवर शरीर तोलून छाती जमिनीलगत नेतात, तर दुसऱ्यात चवड्यांवर येत खाली बसून पुन्हा उठतात. दोन्हींत पायाच्या बोटांना आणि घोट्यांना पूर्ण वाकावे लागते.

अनवाणी पायाची गरज सर्वांत अधिक मल्लखांबात दिसते. मल्लखांब म्हणजे जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब. त्याला एरंडेल लावून मल्ल त्यावर उड्या, पकडी आणि आसने करतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या स्तंभाचा उल्लेख आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. बाळंभटदादा निफाडजवळच्या कोठुरे गावचे, म्हणजे खानदेशाच्या शेजारच्या नाशिक भागातील होते. पुढे निघालेल्या दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून शरीर वर खेचावे लागते. येथे पाऊल हे हातासारखेच पकडीचे साधन आहे आणि ते झाकले, तर हा व्यायामच संभवत नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत संपादित केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’त या सर्व प्रकारांची तपशीलवार नोंद आहे.

समर्थ परंपरा, नमस्कार आणि अमळनेर

तालमीबाहेर, प्रत्यक्ष घरात, महाराष्ट्रीय व्यायामाचा सर्वांत रुजलेला प्रकार म्हणजे सूर्यनमस्कार. बलोपासना, म्हणजे शक्तिमान शरीर हे उपासनेचे अंग मानणे, हा विचार समर्थ रामदासांच्या परंपरेशी जोडला जातो आणि त्या परंपरेच्या आधुनिक अभ्यासाचे एक मुख्य केंद्र धुळे हेच आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली; समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून गोळा करण्याचे तिचे कार्य पुढे समर्थ वाग्देवता मंदिराच्या रूपाने स्थिर झाले. सूर्यनमस्कारांना व्यवस्थित पद्धतीचे रूप देऊन त्यांचा प्रसार शाळांतून आणि पुस्तकांतून केला तो औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी; १९२८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि औंध संस्थानातील शाळांत नमस्कार नित्याचे झाले. नमस्कारांना हातपाय पसरण्याएवढी जागा आणि स्वच्छ जमीन एवढेच पुरते. पाय मागे नेताना चवड्यांवर भार घ्यावा लागतो, अष्टांग स्थितीत पायांची बोटे जमिनीला टेकतात आणि त्यानंतर टाचा खाली दाबाव्या लागतात. शिवाय हा व्यायाम असला, तरी तो सूर्याला केलेले वंदनही असल्याने पायांत काही ठेवून तो करणे कोणाच्या मनात येत नसे.

व्यायामाला शास्त्राची जोड देण्याच्या प्रयत्नातील एक महत्त्वाचा धागा खानदेशातील अमळनेर गावातून जातो. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झालेले जगन्नाथ गणेश गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामाचे शिक्षण घेतले होते. त्यानंतर ते अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या कार्यात आले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे महाविद्यालय १९२३ मध्ये बंद झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून आसने व प्राणायाम यांच्या शरीरावरील परिणामांचे प्रायोगिक निरीक्षण सुरू केले. तालमीतील शिस्त आणि योग्याची साधना एकत्र आणून ती समूहाने करण्याजोगी बनवावी, हा त्यांचा ध्यास ‘यौगिक संघव्यायाम’ या त्यांच्या पुस्तकात दिसतो. मठातील आसन या वाटेने शाळेत आणि घराघरांत पोहोचले, आणि अनवाणी व्यायामाची जुनी सवय त्याच्याबरोबर आधुनिक शारीरिक शिक्षणात टिकून राहिली.

कवाईत, रेल्वे आणि कॅनव्हासचा बूट

बूट घालून व्यायाम करण्याची रीत खानदेशात दुसऱ्या दारातून आली. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतील भिल्लांशी त्यांचा दीर्घ संघर्ष झाला, आणि त्यातून १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. डोंगरकपारीत अनवाणी धावणाऱ्या, धनुष्यबाण चालवणाऱ्या तरुणांना ओळीत उभे करून एका हुकुमासरशी पाऊल उचलायला लावणारी कवाईत या प्रदेशात रुजली, ती अशा पलटणींतून आणि पुढे पोलीस दलातून. कवाईतीचा मूळ साचा युरोपीय पायदळाचा होता. त्यात एका वेळी पडणाऱ्या पावलांचा आवाज हा शिस्तीचा पुरावा मानला जाई, आणि म्हणून कठीण मैदानावर आपटणारा बूट हे तिचे अंगभूत साधन होते. शाळांमध्ये कवाईत शिरली, तेव्हा तिच्याबरोबर गणवेश आणि बुटांची अपेक्षाही आली, जरी खेड्यातील बहुतेक मुले ती दीर्घकाळ अनवाणीच करीत राहिली.

दुसरे दार रेल्वेचे होते. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत आला आणि तेथे मोठी रेल्वे वसाहत वाढली. अशा वसाहतींमधून टेनिस, क्रिकेट, हॉकी यांसारखे खेळ आणि त्यांसाठी लागणारे रबरी तळाचे हलके बूट भारतीय कर्मचाऱ्यांच्या परिचयाचे झाले. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटा कंपनीचा कारखाना सुरू झाल्यावर कॅनव्हासचे स्वस्त बूट देशभर पसरले, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट हे शाळेच्या व्यायामाच्या तासाचे चिन्ह बनले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांतून शिकून आलेल्या शिक्षकांमुळे देशी व्यायाम आणि पाश्चात्त्य खेळ एकाच मैदानावर आले. त्यामुळे एकाच शाळेतील मुलगा मल्लखांबाला अनवाणी आणि संचलनाला बूट घालून जाऊ लागला, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

बुटाशिवाय खेळणे हे मागासपणाचे लक्षण समजण्याचा काळ हाच होता, आणि त्याला प्रत्युत्तर मिळाले तेही याच काळात. १९११ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात बूट घातलेल्या इंग्रज लष्करी संघाला हरवले, तेव्हा त्या संघातील एक वगळता सर्व खेळाडू अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारतीय फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडू बुटांविना उतरले आणि फ्रान्सकडून एकाच गोलच्या फरकाने हरले. या घटनांनी अनवाणी पायाला राष्ट्रीय अभिमानाचा अर्थ दिला खरा, पण पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर तळाला खिळे असलेला बूट अधिक उपयोगी पडतो, ही वस्तुस्थिती त्या अभिमानाने बदलत नव्हती.

मातीवरून गादीवर

स्वातंत्र्यानंतर सर्वांत मोठा बदल घडला तो कुस्तीच्या जमिनीत. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर, म्हणजे वरून गुळगुळीत आवरण असलेल्या मऊ, जाड थरावर खेळली जाते. घामाने ही गादी निसरडी होते आणि तिच्यात पाय रुतत नाही, म्हणून घोटा झाकणारे, टाचेविना असलेले हलके बूट तेथे नियमानेच सक्तीचे आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ मध्ये लंडनला त्यांना सहावे स्थान मिळाले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून त्यांनी स्वतंत्र भारतासाठी पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. मातीतल्या पायांना गादीची सवय करून घ्यावी लागते, हा धडा महाराष्ट्राने त्यांच्या कारकिर्दीतून घेतला.

या संक्रमणाची तडजोड ‘महाराष्ट्र केसरी’ या स्पर्धेच्या रचनेतच दिसते. १९६१ मध्ये दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. आज या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असून दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत एकमेकांसमोर येतात. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी या गावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब जिंकला, तेव्हा खानदेशातील तालमींत नवा उत्साह संचारला. आजच्या मल्लाला सकाळी हौद्यात अनवाणी आणि संध्याकाळी गादीवर बूट बांधून सराव करावा लागतो. कबड्डीतही हेच घडले: मातीच्या मैदानावर अनवाणी खेळणारा खेळाडू मॅटवर आला की बूट घालतो. जत्रेतल्या दंगलीत मात्र, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, अजूनही माती टाकली जाते आणि मल्ल मोकळ्या पायांनीच सलामी देतो.

फरशी, डांबर आणि आजचे घर

घरातील जमीनही या काळात बदलली. सारवलेल्या जमिनीची जागा आधी शहाबादी फरशीने आणि नंतर गुळगुळीत चकचकीत फरशीने घेतली. तिच्यावर सारवण्याचे श्रम उरले नाहीत, पण वहाणा दाराबाहेर काढण्याचा नियम उरला, आणि म्हणून घरातील व्यायाम बहुतांशी अनवाणीच राहिला. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊ लागल्यावर रबरी मॅट घरोघरी आली; तिने जुन्या चटईचे आणि सतरंजीचेच काम पुढे चालवले. याउलट सकाळी डांबरी रस्त्यावर वेगाने चालणारा किंवा व्यायामशाळेत लोखंडी वजने उचलणारा माणूस बूट घालतो, कारण तेथे खडे, काचा, तापलेले डांबर किंवा पायावर पडू शकणारे वजन यांपासून पाय वाचवायचा असतो. शेताच्या बांधावर वहाणा घालणाऱ्या शेतकऱ्याचाच हा विवेक आहे.

जगभरच्या चर्चेने या विवेकाला पाठबळ दिले आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावून जिंकला. १९७० च्या दशकात जाड, मऊ तळाचे धावण्याचे बूट लोकप्रिय झाले. आणि २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, सवयीने अनवाणी धावणारे पुष्कळदा पावलाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर आदळण्याचा धक्का टळतो. भारतात उदय राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के आणि न वापरणाऱ्या मुलांपैकी २.८ टक्के मुलांची पावले सपाट आढळली. मांडी घालून, उकिडवे बसून आणि अनवाणी चालून जगणाऱ्या समाजाला परदेशी कृत्रिम पाय उपयोगी पडत नाही, हे ओळखून १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. त्याचे पाऊल बुटाशिवाय वापरता यावे अशीच त्याची रचना होती.

मात्र परंपरेच्या प्रेमापोटी धोका दृष्टिआड करणे योग्य नव्हे. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तळव्याला झालेली जखम कळत नाही, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात गच्चीवरची किंवा अंगणातली तापलेली फरशी त्याच्या पायाला न कळत भाजू शकते. तालमीतील मल्लाचे पाऊल वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेले असते. आयुष्यभर बूट वापरलेल्या पायाने एकाएकी अनवाणी धावू लागणे म्हणजे त्या सरावाशिवाय त्याचे फळ मागणे आहे.

खानदेशातील व्यायामाच्या या प्रवासातून एक गोष्ट सिद्ध होते की, अनवाणी पाय आणि बूट यांच्यात जुने विरुद्ध नवे असा झगडा कधी नव्हता. सारवलेल्या ओसरीवर, हौद्यात, मल्लखांबावर आणि योगासनाच्या चटईवर पाऊल मोकळे राहिले, कारण तेथील व्यायामाला पायाची बोटे लागत आणि ती जमीन माणसांनी मेहनतीने सांभाळलेली होती. कवाईतीच्या मैदानावर, गादीवर आणि डांबरी रस्त्यावर बूट आला, कारण तेथील पृष्ठभाग वेगळा होता आणि हालचालही वेगळी होती. ज्या समाजाने वहाण शेतात घालायची आणि उंबरठ्याबाहेर ठेवायची हा भेद रोजच्या जगण्यात पाळला, त्याला हे तत्त्व ग्रंथातून शिकावे लागले नाही. आज घरात व्यायाम करणाऱ्यानेही आधी आपली जमीन पाहावी, मग व्यायामाचा प्रकार आणि मग स्वतःच्या पायांची प्रकृती. या तिन्हींचा विचार करून घेतलेला निर्णय, मग तो मोकळ्या पायांचा असो वा बुटांचा, या परंपरेला धरूनच असेल.